महमूदचं चाक

दालनातल्या सातव्या चाकाचं कार्ड मुजफ्फरचाचांनी मला तोंडी सांगितलं आणि मी ते त्यांच्या केबिनमध्ये, लेकीला, उझ्माला, मांडीवर घेऊन, शब्दन् शब्द लिहून घेतलं. "एका मिस्त्रीच्या हातून झालेली चूक. याच नापास चाकाने आमच्या संस्थापकांना दर्जाचा पहिला धडा शिकवला."

मग ते खुर्चीत मागे रेलले. "महमूदभाईंचं नाव घालू नकोस हां बेटी. आपलेच आहेत. मी तर केव्हाच माफ केलंय त्यांना."

महमूदभाई म्हणजे माझे अब्बा. मी पेनला टोपण लावलं, कारण उघडं पेन दिसलं की उझ्मा ते तोंडात घालते. तिला कडेवर घेतलं आणि म्हणाले, "शुक्रिया चाचा." दुसरं काय म्हणणार होते? माझा नवरा काशिफ त्यांच्याच कारखान्यात क्वालिटीत आहे.

नागापूरच्या एमआयडीसीत कारच्या चाकांचे हब, म्हणजे मधले तुंबे, बनवणारा हा कारखाना. मुजफ्फरचाचा त्याचे संस्थापक. लांबच्या नात्यातले, म्हणून चाचा. यंदा त्यांनी नव्या इमारतीत 'सायकल ते कार' असं दालन उघडायचं ठरवलं आणि कुठून कुठून जुन्या सायकली गोळा केल्या. मी इतिहासात एम.ए.; उझ्मा व्हायच्या आधी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचे. ती झाल्यापासून घरी आहे, प्लगच्या भोकांना चिकटपट्ट्या लावत आणि झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत. काशिफने कुठेतरी माझं शिक्षण बोलून दाखवलं आणि कार्डं लिहायचं काम माझ्याकडे आलं.

काम मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? मोटारीने सायकलीकडून काय काय घेतलंय हे मलाही इतकं ठाऊक नव्हतं. बेन्झच्या पहिल्या मोटारीला तीन चाकं होती, आणि ती सायकलीसारखीच तारांची. हवेचा टायर डनलॉपने केला तो पोराच्या तीनचाकी सायकलसाठी. मोटार वळताना तिची आतली आणि बाहेरची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात ती डिफरन्शियलमुळे. ते स्टार्ले नावाच्या एका सायकलवाल्याने आधी तीनचाकीला लावलं होतं. असं सांगतात की, तो आणि त्याचा मुलगा शेजारी शेजारी बसून सायकल चालवायचे. मुलगा जोरात पायडल मारायचा आणि सायकल एका अंगाला जायची. बापाने त्यावर तोड काढली. आज रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक मोटारीत ती तोड आहे, पण मोटार घेणाऱ्याला त्या बापलेकांचं नाव माहीत नसतं. हे कार्ड मी तीनदा लिहिलं. प्रत्येक वेळी हात जड झाला.

कारण आमच्याकडेही तेच झालं होतं.

अब्बांचं सायकलचं दुकान माळीवाडा वेशीजवळ होतं. चाकात स्पोक भरणं आणि आउट काढणं, म्हणजे डुलणारं चाक सरळ फिरतं करणं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, असं अजून जुने लोक सांगतात. मुजफ्फरचाचा दुकानात भागीदार. ते गल्ल्यावर बसायचे, गिऱ्हाईक बोलण्यात गुंतवायचे. हाताला ग्रीस लागलेलं त्यांना आवडत नसे. एकोणनव्वद साली मोपेडच्या चाकांचं मोठं काम मिळत होतं. चाचा ते बोलून घेऊन आले. अब्बांनी दुकानामागे लोखंडी घोडा बनवला, ज्यावर चाक अडकवून फिरवलं की कुठे किती डुलतंय ते काटा दाखवतो. रात्रंदिवस चाकं भरली. आणि एक दिवस चाचा रडत आले : लॉट नापास झाला, चाकं डुलतायत, एक तर रस्त्यावर वाकडं झालं, चालवणाऱ्याचा पाय मोडला. "भाई, तुमचा हात गेला," म्हणाले.

पुढच्या महिन्यात काम चाचांच्या एकट्याच्या नावावर होतं. घोडाही त्यांच्याकडे गेला. मोपेडच्या चाकापासून मोटारसायकलचं चाक, तिथून कारचा हब, असा त्यांचा कारखाना वाढत गेला. अब्बांच्या वाट्याला एक म्हण आली. नगरच्या बाजारात कोणी डगमगत चालला, शब्द देऊन फिरला, की लोक म्हणायचे, "हे म्हणजे महमूदचं चाक." पाचवीत असताना धावण्याच्या शर्यतीत मी पडले, तेव्हा मैदानाच्या कडेने कोणीतरी ओरडलं, "गेलं गेलं, महमूदचं चाक गेलं!" सर हसले. ओरडणाऱ्याला माहीतही नव्हतं की मी महमूदची मुलगी आहे. ते जास्त लागलं मला. दुकान तर मी जन्मायच्या आधीच बंद झालं होतं. अब्बांनी पुढे एका गोदामावर राखणदारी केली आणि आमच्या घरात सायकल कधी आली नाही.

कार्डं लिहून झाल्यावर मी मापं घ्यायला दालनात गेले. उझ्माला खाली सोडलं तेवढ्यात ती रांगत एका सायकलशी गेली आणि उभी राहिली. ती मधोमध ठेवलेली काळी सायकल होती. पाटी : 'संस्थापकांनी स्वतःच्या हातांनी चाकं भरलेली सायकल.' सायकल स्टँडवर चढवलेली, मागचं चाक अधांतरी. उझ्माने एका हाताने चाक ढकललं आणि दुसऱ्या हाताची बोटं स्पोकमध्ये घालायला गेली.

मी कशी धावले मला आठवत नाही. चाक धरलं, तिची बोटं एकेक करून मोजली. पाच. तिला रडूही आलं नाही. गुडघ्यावर बसून मी चाक तसंच घट्ट धरून ठेवलं होतं आणि माझ्या नाकासमोर हवा भरायचा व्हॉल होता.

व्हॉलशेजारची जोडी उलटी होती.

चाकात दोन स्पोक एकमेकांना जिथे छेद देतात, तिथे बाहेरचा आतल्याच्या खालून जातो. प्रत्येक जोडीत तसंच. फक्त व्हॉलशेजारच्या या एका जोडीत तो वरून गेला होता. लहानपणी अम्मी मला सांगायची, "तुझे अब्बा चाकावर सही करायचे, शाई न लावता. व्हॉलशेजारी एक जोडी उलटी घालून." ती सही हीच. अब्बांनी भरलेल्या चाकाचं आउट ते जन्मभर फुकट काढून द्यायचे. म्हणून ही खूण. दुसऱ्या मिस्त्रीकडे असं चाक आलं की तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "महमूदकडे जा, पैसे नाही घेणार."

उझ्माला काखोटीला मारून मी सातव्या चाकापाशी गेले. मोपेडच्या त्या नापास चाकाचे सगळे स्पोक दोनदा तपासून पाहिले. व्हॉलशेजारची जोडी बाकीच्यांसारखीच. खूण नव्हती.

चाचा जन्मभर गल्ल्यावर बसले. दुकानातल्या मिस्त्रीची खूण त्यांना कधी दिसलीच नव्हती. दिसली असती तर त्यांनी ही दोन चाकं एका छताखाली ठेवली नसती.

त्याच संध्याकाळी मी झेंडीगेटला, अम्मी-अब्बांकडे गेले. अब्बा उझ्मासाठी डाळिंबाचे दाणे काढत होते. हात आता कापतात त्यांचे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अब्बा, ती खूण तुम्ही प्रत्येक चाकाला करायचात?"

"प्रत्येक."

"मोपेडच्यासुद्धा?"

त्यांनी दाणा खाली ठेवला. "त्यांनाही. खूण करायची राहिली असती तर चाक पुन्हा उघडून भरलं असतं. का विचारतेस?"

"ते नापास झालेलं चाक तुम्ही बघितलं होतं?"

"काय बघायचं? मुजफ्फर रडत होता. तेव्हा तुझा भाऊ नऊ दिवसांचा. रात्रभर तो रडायचा, दिवसभर मी चाकं भरायचो. डोळे मिटत होते माझे. झाली असेल चूक. झालीच." मग डाळिंब बाजूला ठेवत, "त्या माणसाचा पाय मोडला बेटा. मी कोणत्या तोंडाने चाक बघायला जाणार होतो?"

मला उझ्माचे पहिले तीन महिने आठवले. झोप नसली की माणूस कुठलाही गुन्हा कबूल करतं. दूध उतू गेलं, मी. पोरीला ताप आला, मी. मला कोणी येऊन सांगितलं असतं की तू काल एकाला गाडीखाली घातलंस, तर मी म्हणाले असते, असेल.

तेव्हाच सांगावं असं वाटलं. पण स्वयंपाकघरातून अम्मीने हाक मारली. तिने माझा चेहरा वाचला होता. मी मोबाईलवरचे दोन्ही चाकांचे फोटो दाखवले. माझ्या अम्मीला, म्हणजे बानूला, सगळं नगर शांत बाई म्हणून ओळखतं. तिने फोटो मोठा केला, परत लहान केला. तवा खाली उतरवला.

"यांना आत्ता सांगू नकोस," ती म्हणाली. "हे घरात बसून माफ करून टाकतील त्याला. यांची ती खोड आहे."

"मग?"

"अब्रू बाजारात गेली होती ना? बाजारातच परत आली पाहिजे. सगळ्यांसमोर. आणि त्या मुजफ्फरचं तोंड मला बघायचंय. मी मागे बसेन, पण बघेन."

काशिफला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ उझ्माचे मोजे जुळवत बसला. "नोकरी जाईल, फरहीन."

"जाईल."

"तू सहज बोलतेस. दिवसातून दहा वेळा पोरीचा श्वास बघतेस आणि हे सहज बोलतेस."

"तिच्यासाठीच बोलतेय. उद्या ही शाळेत पडेल आणि कोणीतरी ओरडेल. तेव्हा तूही सरांसारखा हसशील?"

त्याने दुसरा मोजा उचलला.

"क्वालिटीत आहेस ना? नापास मालावर पासचा शिक्का मारून पुढे ढकलतोस का कधी?"

त्याने मोज्यांची जोडी खाली ठेवली. "सातवं चाक भिंतीवर नको टांगूस," तो म्हणाला. "सायकलच्या मागच्या चाकाशेजारी स्टँडवर लाव. एकाच उंचीला. लोकांना दोन्ही एका नजरेत दिसली पाहिजेत."

चाचांकडून परवानगी काढणं सोपं गेलं. मी म्हणाले, "चाचा, तुमचं चाक आणि ते नापास चाक शेजारी शेजारी ठेवू या का? फरक लगेच कळेल." ते खूश. मी म्हणाले, "आणि नगरातल्या जुन्या सायकल मिस्त्रींचा सत्कार ठेवू या. आपले हब घेणाऱ्या कार कंपनीच्या पुण्याच्या साहेबांना बरं वाटेल." ते आणखी खूश. "महमूदभाईंनाही बोलाव," तेच म्हणाले. "लोक बघतील मुजफ्फरचं मन किती मोठं आहे."

मी खाली बघून हसले. अकरा माणसांची यादी मी स्वतः केली. प्रत्येकाच्या घरी स्वतः गेले, उझ्माला घेऊन, रिक्षाने. सगळ्यांत आधी केडगावला, कानिफनाथ मिस्त्रींकडे. पंचाहत्तरीचे, चष्मा जाड, पण अजून दारात बसून आउट काढतात. त्यांना मी काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "बाबा, चष्मा विसरू नका."

"न्हाई विसरत पोरी. तुज्या बापाला आनशील का? लई वर्सं झाली, त्यो बाजारात दिसत न्हाई."

रविवारी दालन भरलं. पुढच्या रांगेत पुण्याचे साहेब, त्यांच्यामागे कारखान्याची माणसं, मग शाल-नारळाची वाट बघणारे मिस्त्री. अब्बा अगदी कडेला, इस्त्रीच्या पांढऱ्या कुडत्यात, नजर जमिनीवर. मागे अम्मी, तिच्या मांडीवर उझ्मा. बोलायचं काम माझ्याकडे होतं. मी बेन्झपासून सुरुवात केली. डनलॉपचं पोरगं, स्टार्ले बापलेक, सगळं सांगितलं. साहेब लोक माना डोलवत होते. माझं ब्लाऊज पाठीला चिकटलं होतं.

"आता शेवटची दोन चाकं," मी म्हणाले. "यांच्याबद्दल मी कोण सांगणार? चाचा, तुम्हीच या."

मुजफ्फरचाचा आले. छान बोलतात ते, बोलण्यावरच तर सगळं उभं केलंय. सायकलचं चाक फिरवून म्हणाले, "छत्तीस वर्षं झाली साहेब, बघा, केसाएवढं आउट नाही. हे या हातांनी भरलं." दोन्ही हात वर केले. मऊ हात. मग सातवं चाक फिरवलं. ते भेलकांडलं. कारखान्यातली पोरं हसली. "आणि हे आमच्या एका मिस्त्रीचं. नाव घेत नाही, इथेच बसलेत, वडीलधारे आहेत. माणूस चुकतो."

सगळ्या मिस्त्रींच्या माना अब्बांकडे वळल्या. अब्बांनी नजर वर केली नाही.

"चाचा," मी माईक त्यांच्यासमोर धरला, "चूक नाही ना होत काही? इतकी वर्षं झाली. चाकं अदलाबदल झाली असतील गोदामात."

"अशी कशी होतील? कुलपात होती माझ्या. हे माझं, ते त्याचं. कोणत्याही कागदावर लिहून देतो."

"लिहून नको. एवढे लोक ऐकतायत, पुरे." मी वळले. "कानिफनाथ बाबा, सत्कार तुमच्यापासून सुरू करू या. त्याआधी ही दोन चाकं जरा बघता?"

ते काठी टेकत आले. चष्मा पुसला. सायकलचं चाक हळूहळू फिरवत व्हॉलपर्यंत आणलं आणि थांबले. बोट लावून बघितलं. मग अब्बांकडे बघितलं, मग चाचांकडे.

"मुजफ्फरशेट, ह्ये तुमी भरलं?"

"सांगितलं ना मिस्त्री."

"ह्ये म्हमूदचं हाय." आवाज मोठा नव्हता, पण माईक मी त्यांच्या तोंडाशीच धरला होता. "व्हॉलपशी बगा. वरून गेलीया तार. ही त्याची खून. असली चाकं आमी त्याच्याकडं धाडायचो फुकाट आउट काढाया. धाडायचो का न्हाई रे?"

मिस्त्रींच्या रांगेतून तिघे-चौघे उठलेच. "व्हय, व्हय." वाकून, डोकी एकत्र करून ते चाक बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "च्यायला, खरंच की!" पुण्याच्या एका साहेबाने मोबाईल काढून जवळून फोटो घेतला.

"आणि हे दुसरं?" मी विचारलं.

कानिफनाथ बाबांनी सातवं चाक दोनदा फिरवलं. "ह्ये त्याचं न्हाई. खून न्हाई. अन् स्पोक तर बग, कुनी रोजंदारीवाल्यानं भरल्यावानी. ह्ये म्हमूद झोपेतबी भरनार न्हाई." मग ते चाचांकडे वळून अगदी सरळ मनाने म्हणाले, "मंग ह्ये कुनाकडनं भरून घेतलं हुतं शेट तुमी?"

मुजफ्फरचाचांचं तोंड उघडं राहिलं. मी मागे अम्मीकडे पाहिलं. ती नीट बसून, डोळ्याची पापणी न लववता बघत होती. रोजचं जेवण जेवावं तसं, सावकाश.

चाचा माझ्याजवळ सरकले, माईकवर हात ठेवला. "बेटी, घरातली गोष्ट आहे. घरात बसून बोलू. काय पाहिजे तुला? काशिफचं प्रमोशन..."

"घरातली गोष्ट बाजारात तुम्ही नेलीत चाचा." माईकवरून मी त्यांचा हात काढला. "आणि काळजी नका करू. मी नाही माफ केलेलं तुम्हाला."

पर्समधून मी दुसरं कार्ड काढलं. ते आदल्या दिवशीच छापून आणलं होतं. सातव्या चाकाचं जुनं कार्ड खेचून काढलं आणि हे लावलं : 'हे चाक महमूद मिस्त्रींनी भरलेलं नाही. त्यांच्या नावावर खपवलेलं आहे.' मला माहीत होतं, संध्याकाळपर्यंत चाचा ते फाडून टाकतील. फाडू देत. अकरा मिस्त्रींची तोंडं त्यांना फाडता येणार नव्हती. माळीवाड्यापासून केडगावपर्यंत सोमवारी सकाळी ज्याचं चाक डुलेल, त्याला काय म्हणायचं ते त्यांनी दारातून निघतानाच ठरवलं होतं. "मुजफ्फरचं चाक," कोणीतरी म्हणालं आणि बाकीचे खोकल्यासारखे हसले.

अब्बा उठून कधी आले मला कळलं नाही. ते सातव्या चाकासमोर उभे होते. अंगठ्याने एकेक स्पोक वाजवत व्हॉलपर्यंत आले. परत एकदा. मग माझ्याकडे बघितलं. उझ्मा पडल्यावर बघते तसं. रडायचं की नाही ते माझ्या चेहऱ्यावरून ठरवायचं असतं तिला.

"हे माझं नाही?"

"नाही अब्बा."

"त्या माणसाचा पाय..."

"तुमच्यामुळे नाही."

त्यांनी मान हलवली. "मग मी दुकान का बंद केलं?"

ज्याने उत्तर द्यायचं होतं त्याच्याकडे मी बघितलं. मुजफ्फरचाचा कारखान्याच्या माणसांना शाली आणायला सांगत होते.

अब्बांनी चाकाला हलका हात दिला. ते डुलत फिरलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली, चार-पाच पोरांच्या आवाजात एकाचा सूर चुकलेला ऐकल्यासारखी. कुडत्याच्या बाह्या सारत त्यांनी कानिफनाथ बाबांसमोर हात पसरला. "पाना आहे का रे?"

बाबांच्या खिशात तो असतोच. त्यांनी दिला. छत्तीस वर्षांनी अब्बांच्या हातात पाना होता आणि हात कापत नव्हता. त्यांनी पहिला स्पोक धरला.

"नको अब्बा," मी म्हणाले.

"दोन मिनिटांचं काम आहे बेटा. डोळ्यांना खुपतंय."

मी त्यांच्या हातातून पाना घेतला आणि मुठीत घट्ट धरला. चाक अजून भेलकांडत फिरत होतं आणि सगळे ते बघत होते.

"खुपू द्या," मी म्हणाले.